प्रेरक बाह्यकातील विद्युत् संदेशप्रसार

मोठ्या मेंदूच्या (प्रमस्तिष्काच्या) पृष्ठभागावर करड्या द्रव्याचा जो पातळ थर असतो त्यास बाह्यक म्हणतात. प्रत्येक गोलार्धाच्या बाजूवरून खाली उतरणाऱ्या मध्यवर्ती खाचेच्या लगत पुढील बाजूस बाह्यकाचा जो पट्टा असतो, त्यातून ऐच्छिक हालचालींचे आदेश मेरुरज्जूकडे जातात. म्हणून या पट्ट्यास प्रेरक बाह्यक ही संज्ञा आहे. मानवात त्याची जाडी सु. ३ ते ४ मिमी. असते. एवढ्या जाडीत तंत्रिका कोशिकांचे एकावर एक असे स्तर असून विद्युत् आवेग एका स्तरातून दुसऱ्यात व आडव्या दिशेने शेजारच्या भागात कसे पसरतात, हा प्रश्न शरीरक्रियाविज्ञानात १८७० पासून आजतागायत चर्चिला गेला आहे. तो केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. अपस्माराचा झटका शरीरावर कसा पसरतो, पक्षाघातानंतर हात पुन्हा हलू लागेल की नाही, मेरुरज्जूतील अर्बुद काढताना शस्त्रवैद्याने नेमके कोठे थांबावे, या सर्वांची उत्तरे याच प्रश्नात गुंतलेली आहेत.

रचना : बाह्यकाचे सामान्यतः सहा स्तर मानतात. सर्वांत वरच्या पहिल्या स्तरात कोशिका फार थोड्या असून तो मुख्यतः तंतूंच्या जाळ्याचा बनलेला असतो. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांत लहान व मध्यम आकाराच्या पिरॅमिडाकार कोशिका असतात. चौथा स्तर बारीक, कणांसारख्या दिसणाऱ्या कोशिकांचा असतो. प्रेरक बाह्यकात हा स्तर इतका विरळ असतो की, जर्मन शारीरविज्ञ कोर्बिनियान ब्रोडमान यांनी १९०९ साली बाह्यकाचा नकाशा तयार केला तेव्हा या भागास (त्यांचे क्षेत्र क्र. ४) कणहीन बाह्यकात घातले. पाचव्या स्तरात मोठ्या पिरॅमिडाकार कोशिका असतात व सहाव्यात निरनिराळ्या आकारांच्या. पाचव्या स्तरातील काही कोशिका विलक्षण मोठ्या, क्वचित ०·१ मिमी. व्यासापर्यंतच्या असतात. कीव्ह येथील शारीरविज्ञ व्लादिमीर बेट्स यांनी १८७४ मध्ये त्यांचे वर्णन केले व त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. पिरॅमिडाकार कोशिकेच्या माथ्यापासून निघणारा जाड प्रवर्ध वरच्या स्तरांतून सरळ चढत पहिल्या स्तरापर्यंत पोहोचतो, तर तिच्या तळापासून निघणारा अक्षदंड खाली श्वेत द्रव्यात उतरतो. म्हणजे पाचव्या स्तरातील एकच कोशिका वरच्या सर्व स्तरांशी संपर्क ठेवून असते. विद्युत् संदेशांच्या प्रसाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

पाचव्या स्तरातील अनेक कोशिकांचे अक्षदंड एकत्र येऊन मेंदूच्या खोडातून मेरुरज्जूत उतरतात. लंबमज्जेत त्यांचा जो जुडगा दिसतो त्यास पिरॅमिडी मार्ग म्हणतात. मानवात प्रत्येक बाजूच्या या मार्गात सु. दहा लाख तंतू असतात. बेट्स कोशिकांची संख्या मात्र एका गोलार्धात काही दशसहस्रच भरते; म्हणून एके काळी समजले जात असे त्याप्रमाणे हा मार्ग केवळ बेट्स कोशिकांचा नव्हे. बहुतेक तंतू बारीक व मंदगती असतात.

पूर्वेतिहास : इटालियन शास्त्रज्ञ लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केल्यावर तंत्रिका व विद्युत् यांचा काही संबंध आहे, ही कल्पना रूढ झाली. त्यांचे भाचे जोव्हान्नी आल्दीनी यांनी १८०२ व १८०३ मध्ये देहदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर विद्युत् प्रवाहाचे जाहीर प्रयोग केले. प्रेताचा चेहरा वेडावाकडा होताना पाहून प्रेक्षक हादरले. परंतु प्रवाह इतका प्रबळ होता की, तो मेंदूमुळे परिणाम करीत होता की स्नायूंपर्यंत थेट पोहोचत होता, हे सांगणे अशक्य होते. पुढील शंभर वर्षांच्या वादाचे बीज येथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरांस यांचे मत प्रमाण मानले जाई. पक्षी व सस्तन प्राण्यांच्या मेंदूचे भाग काढून टाकून त्यांनी १८२४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, प्रमस्तिष्क हे बुद्धी व इच्छा यांचे अखंड अधिष्ठान असून त्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामे नसतात आणि बाह्यकाला टोचले वा डिवचले तरी स्नायू हलत नाहीत. फ्रान्स योझेफ गाल यांच्या कवटीवरील उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येची त्यांना चीड होती व ती योग्यच होती. पण खोटी विद्या खोडून काढण्याच्या भरात त्यांनी स्थाननिश्चितीची मूळ कल्पनाही फेटाळली. नंतरच्या काही नामवंतांनी बाह्यकाला विद्युत् प्रवाह देऊन पाहिला. त्यांनाही हालचाल दिसली नाही.

या समजुतीला पहिला धक्का प्रयोगशाळेतून नव्हे तर रुग्णशय्येजवळून बसला. लंडनमधील वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८६० नंतरच्या दशकात अपस्माराच्या अशा रुग्णांचा अभ्यास केला की, ज्यांच्या शरीराच्या एकाच बाजूस झटके येत. झटका अंगठ्यापासून सुरू होई, मग हात, मग चेहरा, मग पाय असा क्रमाने सरकत जाई. हा क्रम पुनःपुन्हा तोच असतो, हे पाहून मेंदूच्या करड्या द्रव्यात शरीराच्या अवयवांची मांडणी शेजारीशेजारी असावी व विद्युत् विसर्जन एका भागातून लगतच्या भागात पसरत जात असावे, असे अनुमान त्यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. बाह्यकातील प्रसाराची ही पहिली सुसंगत कल्पना होय. हातात एकही विद्युत् उपकरण न घेता केवळ निरीक्षणाने ती मांडली गेली.

फ्रिच व हिट्सिख : त्याच वर्षी बर्लिनमध्ये गुस्टाफ फ्रिच व एडूआर्ट हिट्सिख या दोन तरुण वैद्यांचा प्रमस्तिष्काच्या विद्युत् उत्तेज्यतेवरील निबंध प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या संस्थेत सोय नसल्यामुळे प्रयोग हिट्सिख यांच्या राहत्या घरी झाले. त्यांच्या पत्नीचे वेशभूषेचे मेज शस्त्रक्रियेसाठी वापरले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. कुत्र्याची कवटी उघडून त्यांनी बाह्यकाला दोन बारीक विद्युत् अग्रे टेकविली. प्रवाह किती असावा याचे त्यांचे माप मोठे घरगुती पण चतुराईचे होते : अग्रे जिभेच्या टोकाला लावली असता जेमतेम जाणवेल एवढा. या प्रवाहाने गोलार्धाच्या पुढील भागातील ठराविक बिंदूंवर स्पर्श करताच विरुद्ध बाजूच्या ठराविक स्नायूंचे आकुंचन झाले. मान, पुढचा पाय, मागचा पाय व चेहरा यांची स्थाने वेगवेगळी होती आणि प्रवाह थोडा वाढविला की शेजारच्या अवयवांतही हालचाल होई. मागील भाग मात्र निष्क्रिय राहिला. आधीच्या संशोधकांनी, कवटी मागील बाजूस उघडणे सोपे म्हणून, बहुधा तोच भाग तपासला असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढच्या पायाचे क्षेत्र कापून टाकल्यावर कुत्र्याला तो पाय नीट टाकता येईना. उद्दीपन व उच्छेदन या दोन पद्धतींचे निष्कर्ष असे जुळल्यामुळे निबंधाचे वजन वाढले.

यांतील काही प्राण्यांवरील शस्त्रक्रिया शुद्धिहरणाशिवाय झाल्या, ही गोष्ट या गौरवशाली इतिहासाबरोबरच नोंदविणे आवश्यक आहे.

फेरियर आणि प्रसाराविषयीचा वाद : इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर यांनी १८७३ मध्ये यॉर्कशरमधील वेकफील्ड येथील मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हे काम पुढे नेले. त्यांनी बॅटरीच्या अखंड प्रवाहाऐवजी प्रवर्तन वेटोळ्यातून मिळणारा जलद स्पंदांचा प्रवाह वापरला. त्यामुळे स्नायूंच्या क्षणिक आचक्यांऐवजी पूर्ण, हेतुपूर्वक वाटणाऱ्या हालचाली मिळाल्या : माकड हात पुढे करून पकडल्यासारखे करी, पाऊल टाकल्यासारखे करी. फेरियर यांचे मेंदूच्या कार्यांवरील पुस्तक १८७६ मध्ये निघाले व प्रेरक क्षेत्राची कल्पना सर्वत्र पोहोचली.

हिट्सिख यांनी मात्र फेरियर यांचे प्रवाह अवास्तव प्रबळ असल्याचा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. मेंदूचे ऊतक ओलसर व विद्युत् संवाहक असल्यामुळे दोन अग्रांमधून जाणारा प्रवाह त्या दोहोंमध्येच राहत नाही; तो बाजूला व खाली पसरतो. मग हालचाल होते ती करड्या द्रव्यातील कोशिका चेतविल्या गेल्यामुळे की प्रवाह खालच्या श्वेत तंतूंपर्यंत अथवा आणखी खोल गेल्यामुळे? जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले की, बाह्यकाचा पृष्ठभाग काढून टाकून उघड्या पडलेल्या श्वेत द्रव्याचे उद्दीपन केले तरी त्याच हालचाली मिळतात. काहींना यात स्थाननिश्चितीच्या सिद्धांताचा शेवट दिसला.

या कोंडीतून वाट निघाली ती काळाच्या मापनामुळे. फ्रान्समधील शार्ल फ्रांस्वा-फ्रांक व आल्बेर पित्र यांनी १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उद्दीपनाचा क्षण व स्नायूच्या आकुंचनाचा क्षण यांतील अंतर आलेखित केले. करडे द्रव्य शाबूत असताना हे अंतर जास्त होते. ते काढून श्वेत द्रव्याचे उद्दीपन केल्यास कमी झाले. ब्रेस्लाऊ येथे बूबनोफ व हायडेनहाइन यांना १८८१ मध्ये हाच फरक आढळला. प्रवाह केवळ भौतिक रीत्या खाली पसरत असता, तर इतका विलंब होण्याचे कारण नव्हते. तेव्हा करड्या द्रव्यात काहीतरी घडते आणि त्याला वेळ लागतो. ते ‘काहीतरी’ काय, हे समजण्यास आणखी सत्तर वर्षे लागली.

याच वर्षी लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत फ्रीड्रिख गोल्ट्स यांनी बाह्यकाचा मोठा भाग काढलेला कुत्रा आणला व तो चालतो, फिरतो हे दाखवून स्थाननिश्चितीला विरोध केला. फेरियर यांनी डाव्या प्रेरक क्षेत्राचा उच्छेद केलेले माकड आणले. ते उजव्या अंगाने लुळे होऊन लंगडत येताच झां मार्तँ शार्को यांनी ‘हा तर रुग्णच’ अशा अर्थाचे उद्गार काढले. दोन्ही प्राण्यांच्या मेंदूंची तपासणी तज्ञांच्या समितीने केली व कौल फेरियर यांच्या बाजूने पडला. यानंतर काही महिन्यांतच प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धच्या १८७६ च्या कायद्याखाली फेरियर यांच्यावर खटला भरण्यात आला. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकाऱ्याने केल्याचे सिद्ध झाल्यामुळे ते सुटले. प्राणिप्रयोगांच्या विरोधकांना हे पटले नाही; पण १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये केवळ हातापायांच्या लक्षणांवरून स्थान ठरवून रिकमन गॉडली यांनी प्रेरक क्षेत्रातील अर्बुद काढले, तेव्हा फेरियर यांचे समर्थक तिकडे बोट दाखवू शकले. रुग्ण नंतर जंतुसंसर्गाने दगावला, तरी अर्बुद अपेक्षित जागीच सापडले होते.

मानवी मेंदूच्या उद्दीपनाची पहिली नोंद मात्र क्लेशकारक आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील वैद्य रॉबर्ट्‌स बार्थोलो यांनी १८७४ मध्ये एका स्त्रीच्या मेंदूत सुईसारखी विद्युत् अग्रे घातली. व्रणामुळे तिच्या कवटीचे हाड झिजून मेंदू उघडा पडला होता. क्षीण प्रवाहाने विरुद्ध बाजूचे हातपाय हलले व तिला मेंदूत वेदना झाल्या नाहीत. मग प्रवाह वाढविण्यात आला. तिला भीतीने रडू कोसळले, पुढे झटका आला व ती बेशुद्ध झाली. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. उपचाराचा कोणताही हेतू नसलेल्या या प्रयोगाचा अमेरिकेत व इंग्लंडमध्ये निषेध झाला व बार्थोलो यांना जाहीर खुलासा करावा लागला. शास्त्रीय दृष्ट्याही प्रबळ प्रवाहाने मिळालेले निष्कर्ष फारसे उपयोगी नव्हते, कारण प्रवाह कोठवर पसरला ते कळण्यास मार्ग नव्हता.

नकाशा : चार्ल्स शेरिंग्टन व ए. एस. ग्रूनबाउम यांनी १९०१ पासून लिव्हरपूल येथे वानरांवर प्रयोग करताना एकच सूक्ष्म अग्र बाह्यकावर ठेवून दुसरे शरीरावर दूर ठेवण्याची पद्धत वापरली. प्रवाह एका बिंदूभोवतीच दाटल्यामुळे प्रेरक क्षेत्र मध्यवर्ती खाचेच्या पुढेच आहे, हे स्पष्ट झाले. फेरियर यांनी ते खाचेच्या दोन्ही बाजूंस दाखविले होते. पुढे कॅनडातील माँट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियांच्या वेळी, केवळ स्थानिक संवेदनाहरण केलेल्या जागृत रुग्णांच्या बाह्यकाचे उद्दीपन केले आणि एडविन बोल्ड्री यांच्यासह १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठे ओठ, प्रचंड अंगठा व चिमुकले धड असलेली बाह्यकावरील मनुष्याकृती त्यातूनच आली. पाठ्यपुस्तकांनी ती इतकी लोकप्रिय केली की, तिच्या सीमारेषा प्रत्यक्षात पुसट व परस्परव्यापी आहेत, हा लेखकांचाच खुलासा मागे पडला.

स्तरांतील प्रसार : बाह्यक स्वतः विद्युत् निर्माण करते, हे लिव्हरपूलचे रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्ये ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने दाखविले होते. मानवात कवटीवरून अशी नोंद घेण्यात हान्स बर्गर यांना १९२४ मध्ये यश आले व ती १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाह्यकातील प्रसाराचे मापन मात्र इलेक्ट्रॉनीय विवर्धक हाती आल्यावरच शक्य झाले. एडगर एड्रियन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत क्षीण उद्दीपनाने पृष्ठभागावर ऋण वर्चस् उमटले व ते अल्प अंतरातच विरून गेले. प्रबळ व पुनरावृत्त उद्दीपनाने खोल स्तर जागे झाले, पृष्ठभागावर धन तरंग दिसू लागले आणि ते दूरवर पसरले. वरचे व खालचे स्तर एकाच उद्दीपनाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, ही गोष्ट यातून प्रथमच विद्युत् मापनाने पुढे आली. दोन वर्षांनी राफाएल लोरेन्ते दे नो यांनी गॉल्जी रंजनाने रंगविलेल्या छेदांवरून कोशिकांच्या उभ्या साखळ्यांचे वर्णन केले.

फ्रांस्वा-फ्रांक व पित्र यांच्या विलंबाचे कोडे १९५४ मध्ये अमेरिकेत हॅरी पॅटन व वाहे अमासियन यांनी सोडविले. त्यांनी शुद्धिहरण केलेल्या मांजरांच्या व माकडांच्या प्रेरक बाह्यकाला एकच अत्यल्पकालिक विद्युत् स्पंद दिला आणि खाली पिरॅमिडी मार्गात अग्र ठेवून काय उतरते ते पाहिले. एका स्पंदाला एकच आवेग मिळावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात अगदी लवकर येणाऱ्या एका तरंगामागून साधारण दीड मिलिसेकंदाच्या अंतराने आणखी अनेक तरंग आले. बाह्यक थंड केले अथवा करडे द्रव्य काढून टाकले की मागचे तरंग नाहीसे होत, पहिला मात्र टिकून राही. अर्थ उघड होता. पहिला तरंग पिरॅमिडाकार कोशिकांच्या अक्षदंडांच्या थेट उद्दीपनाने निर्माण होतो. त्यास डी-तरंग (थेट) असे नाव मिळाले. नंतरचे तरंग बाह्यकातील इतर कोशिका आधी चेतविल्या जाऊन त्यांनी अनुबंधनांद्वारे पिरॅमिडाकार कोशिकांना चेतविल्यामुळे येतात. ते आय-तरंग (अप्रत्यक्ष). बर्डन-सँडरसन आणि त्यांचे विरोधक असे दोघेही आपापल्या परीने बरोबर होते : प्रवाह तंतूंपर्यंत थेटही पोहोचतो आणि करड्या द्रव्यातून वळसा घेऊनही.

या घटनेमागील कोशिकीय क्रिया तोपर्यंत बरीच उलगडली होती. विश्रांत तंत्रिका कोशिकेचा आतील भाग बाहेरच्या मानाने सु. ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षदंडावर दाखविल्याप्रमाणे, पटलातून सोडियम आयन आत शिरल्यामुळे हे वर्चस् क्षणभर उलटते व आवेग पुढे सरकतो. ऑक्सफर्डचे चार्ल्स फिलिप्स यांनी १९५६ मध्ये मांजराच्या बेट्स कोशिकेच्या आत सूक्ष्म काचनलिका घालून तिचे वर्चस् मोजले. वरच्या स्तरांतून येणारा संकेत कोशिकेच्या उभ्या प्रवर्धावर लहान लहान वर्चस्-बदल घडवितो. त्यांची बेरीज विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की अक्षदंडाच्या मुळाशी आवेग निर्माण होतो. निरोधक कोशिका याच बेरजेतून वजाबाकी करीत असतात. त्यांनी आपले काम सोडले, तर प्रसाराला आवर राहत नाही व जॅक्सन यांनी पाहिलेला झटका उद्भवतो.

ब्राझीलचे आरिस्तीदेस लेआओ यांनी १९४४ मध्ये सशाच्या बाह्यकात याहून अगदी निराळा प्रसार पाहिला. त्यात विद्युत् क्रियेचा तात्पुरता लोप मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने पसरत जातो. तंत्रिका आवेगाशी त्याची गल्लत करू नये.

उभे स्तंभ व आडवे तंतू : व्हर्नन माउंटकासल यांनी १९५७ मध्ये मांजराच्या संवेदी बाह्यकात कोशिकांची मांडणी उभ्या स्तंभांत असल्याचे दाखविल्यावर प्रेरक बाह्यकातही तसेच असावे, असे अनेकांना वाटले. हिरोशी असानुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून सूक्ष्म अग्र थेट खोल स्तरांत उतरवून काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह दिला. पृष्ठभागावरून लागणाऱ्या प्रवाहाच्या मानाने हा नगण्य होता. १० मायक्रोअँपिअर प्रवाहाने थेट चेतविल्या जाणाऱ्या कोशिका अग्रापासून सु. ०·१ मिमी.च्या आतच असतात, असे १९६८ मध्ये मोजण्यात आले. यावरून एकेका स्नायूचा एकेक स्तंभ असे चित्र रेखाटले गेले. परंतु १९७५ मध्ये एल्झबिएटा यांकोव्स्का व सहकाऱ्यांनी या पद्धतीतही बहुतेक पिरॅमिडाकार कोशिका अनुबंधनांद्वारे, म्हणजे अप्रत्यक्ष रीत्या, चेतविल्या जातात असे दाखविले. भौतिक प्रवाह आवरता आला, तरी तंतूंमधून होणारा प्रसार आवरता येत नाही. एबरहार्ट फेट्झ व पॉल चेनी यांनी १९८० मध्ये जागृत माकडांत एकच बाह्यक कोशिका अनेक स्नायूंवर परिणाम करते हेही सिद्ध केले. स्नायूगणिक स्तंभाची सुबक कल्पना त्यानंतर टिकली नाही.

आडव्या दिशेने जाणारे तंतू पातळ व बहुधा आवरणहीन असल्यामुळे त्यांतून संदेश सेकंदाला काही दशक सेंटिमीटर एवढ्याच वेगाने जातो. पिरॅमिडी मार्गातील जाड तंतूंचा वेग मानवात सेकंदाला ६०–७० मी.च्या घरात असतो. किंबर्ली जेकब्ज व जॉन डॉनह्यू यांनी १९९१ मध्ये उंदरांच्या प्रेरक बाह्यकात निरोधक क्रिया औषधाने स्थानिक रीत्या थांबविली, तेव्हा शेजारच्या क्षेत्राच्या उद्दीपनाने भलतेच अवयव हलू लागले. आडवे मार्ग आधीपासून होते, ते केवळ दाबून ठेवलेले होते. अपघात वा पक्षाघात यांनंतर प्रेरक नकाशा काही अंशी बदलतो त्याचे एक कारण यात आहे.

स्तरांमधील उभ्या संदेशवहनाचा क्रम १९९० नंतर विकसित झालेल्या प्रकाशीय पद्धतींनी अधिक स्पष्ट झाला. उंदराच्या मेंदूच्या जिवंत छेदात लेसर किरणाने एकेका बिंदूवरील कोशिका चेतवून गॉर्डन शेफर्ड व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखविले की, दुसऱ्या-तिसऱ्या स्तरांकडून पाचव्या स्तराच्या वरच्या भागाकडे जाणारा मार्ग सर्वांत प्रबळ असतो व उलट दिशेचा पुष्कळच क्षीण. म्हणजे प्रसाराचा मुख्य ओघ वरून खाली आहे. ‘कणहीन’ म्हटलेल्या या बाह्यकात चौथ्या स्तराचे काम करणाऱ्या कोशिकांची पातळ पट्टीही उंदरांत पुढे आढळली. त्यामुळे ब्रोडमान यांच्या वर्गीकरणात दुरुस्ती करावी लागते.

जागृत प्राण्यांतील निष्कर्ष वेगळ्या दिशेने आले. एडवर्ड एव्हार्ट्‌स यांनी १९६६ मध्ये प्रशिक्षित माकडात, मनगट हलण्यापूर्वीच पिरॅमिडी मार्गाच्या कोशिका चेतविल्या जातात हे नोंदविले. आपोस्तोलोस जॉर्गोपोलस यांनी १९८२ मध्ये असे दाखविले की, एकेक कोशिका हाताच्या हालचालीच्या एका दिशेस अधिक प्रतिसाद देते, पण दिशेचा नेमका बोध पुष्कळ कोशिकांच्या बेरजेतूनच होतो. निकोलस हॅट्सोपोलस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये माकडांच्या प्रेरक बाह्यकात अग्रांचे जाळे बसवून सेकंदाला १५ ते ३० वारंवारतेच्या आसपासचे बीटा तरंग बाह्यकावरून ठराविक अक्षाच्या दिशेने सरकताना पाहिले.

उपयोग : पी. ए. मर्टन व एच. बी. मॉर्टन यांनी १९८० मध्ये मानवी कवटीवरून एकच प्रबळ विद्युत् स्पंद देऊन हात हलविला. पद्धत वेदनादायक होती. शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातील क्षणिक चुंबकीय क्षेत्राने तेच वेदनेवाचून साधले. विद्युत् स्पंदाने मानवातही मुख्यतः डी-तरंग निर्माण होतो, तर चुंबकीय स्पंदाने सामान्यतः आय-तरंग. हाताच्या स्नायूपर्यंत प्रतिसाद पोहोचण्यास सु. २० मिलिसेकंद लागतात. हा काळ लांबल्यास मार्गातील विकाराची शंका येते.

शस्त्रक्रियागृहात पॅटन व अमासियन यांच्या शोधाचा उपयोग रोज होतो. शुद्धिहरणामुळे आय-तरंग क्षीण होतात व एका स्पंदाने स्नायू हलत नाही. म्हणून लागोपाठ चार-पाच स्पंदांची मालिका देतात, म्हणजे डी-तरंगांची बेरीज मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकेला चेतविण्यास पुरेशी होते. मेरुरज्जूच्या आतील अर्बुद काढताना रज्जूच्या आवरणावर अग्र ठेवून डी-तरंगाची उंची सतत पाहतात. स्नायूंचा प्रतिसाद गेला, पण डी-तरंग निम्म्याहून अधिक शाबूत राहिला, तर पाय लुळे झाले तरी बहुधा काही काळाने शक्ती परत येते. तो निम्म्याखाली घसरू लागला की शस्त्रवैद्य हात थांबवितो.

हालचालींचे अवयव निकामी झालेल्या रुग्णांत प्रेरक बाह्यकाचे संदेश थेट यंत्राकडे नेण्याचे प्रयत्न २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. ४ मिमी. लांबी-रुंदीच्या पट्टीवर बसविलेली सु. शंभर सूक्ष्म अग्रे हाताच्या क्षेत्रात रोवून, मेरुरज्जूच्या इजेने चारही अवयव लुळे पडलेल्या एका तरुणाला केवळ हालचालीच्या इच्छेने संगणकाच्या पडद्यावरील दर्शक हलविता आला. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. इजेला काही वर्षे लोटली तरी त्याच्या बाह्यकातील कोशिका हात हलविण्याच्या विचाराबरोबर चेतविल्या जात होत्या. पेनफील्ड यांच्या मनुष्याकृतीतही २०२३ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली : चुंबकीय प्रतिमादर्शनाने असे आढळले की पाय, हात व तोंड यांच्या क्षेत्रांमध्ये अशी तीन क्षेत्रे शिरलेली आहेत की, ज्यांचा एका अवयवाशी संबंध नसून ती एकमेकांशी व हालचालीच्या पूर्वनियोजनाशी संबंधित इतर भागांशी जोडलेली आहेत.